रिकाम्या हाताची हूल

पाथफाइंडर या रोलप्लेइंग खेळाच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे २००९ सालच्या नियमपुस्तकात, हातचलाखीच्या भागात एक छोटीशी तरतूद आहे. अंगावर लपवलेलं हत्यार बाहेर काढायला एक स्टँडर्ड ॲक्शन खर्च होते. कमरेच्या म्यानातली तलवार उपसायला त्याहून हलकी मूव्ह ॲक्शन पुरते. आणि समोरच्यावर एक वार करायला लागते तीही स्टँडर्ड ॲक्शनच. म्हणजे बाहीतला खंजीर नुसता मुठीत येईपर्यंत उघड तलवारवाल्याचा एक वार करून झालेला असतो.

ही तरतूद वाचून बरेच खेळाडू नाराज होतात. मला ती फार आवडते. गुपिताची किंमत किती, हा प्रश्न कुणीतरी गंभीरपणे विचारला आणि त्याचं उत्तर चक्क सेकंदांत काढून ठेवलं, याचं मला अजून नवल वाटतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, तो गेम मास्टर. बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात. पात्राने काय करायचं ते खेळाडू ठरवतो आणि ते जमलं की नाही ते फासा ठरवतो. या घराण्याचा मूळपुरुष डन्जन्स अँड ड्रॅगन्स, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत काढलेला. त्याच्याही मागे प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास रुजलेला ‘क्रीगस्पील’ हा नकाशावरचा युद्धखेळ आहे, ज्यात अधिकारी फासे टाकून लढाया लढत. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये चोर हे पात्र आलं. मागून वार केला तर नेम चार आकड्यांनी सुधारायचा आणि इजा दुप्पट. फसवणुकीला आकडा मिळाला तो तेव्हा. पुढच्या पन्नास वर्षांत तो आकडा इतका बारीक होत गेला की आज त्यावर विचार करायला बसलं तर माणसाच्या लक्ष देण्याबद्दल, भीतीबद्दल आणि वेळेबद्दल बरंच काही कळतं.

आता हूल घ्या. पाथफाइंडरच्या त्याच पहिल्या आवृत्तीत हूल देणं हीसुद्धा स्टँडर्ड ॲक्शन आहे. एक राउंड सहा सेकंदांचा, आणि त्यात प्रत्येकाला एक स्टँडर्ड आणि एक मूव्ह ॲक्शन मिळते. हूल जमली तर समोरच्याला आपल्या पुढच्या वारापुरता चपळाईचा फायदा मिळत नाही. पण तो वार आपल्या पुढच्या पाळीपर्यंत करावाच लागतो, नंतर हूल शिळी होते.

मग हिशेब मांडा. पहिल्या राउंडला हूल दिली. दुसऱ्या राउंडला बाहीतला खंजीर काढला. तिसऱ्याला वार करायला गेलो, तोवर हुलीचा परिणाम संपलेला. क्रम उलटा केला, आधी खंजीर काढला आणि मग हूल दिली, तर वार गाफील माणसावर बसतो खरा, पण खंजीर बारा सेकंद उघड्यावर आहे. लपवला कशासाठी होता? चटकन शस्त्र उपसायची खास तालीम घेतलेल्या पात्राला लपवलेलं हत्यार मूव्ह ॲक्शनमध्ये काढता येतं. हुलीची तालीम घेतलेल्याला हूल मूव्ह ॲक्शनमध्ये देता येते. दोन्ही घेतल्या तरी हूल, खंजीर आणि वार हे तिन्ही सहा सेकंदांत बसत नाहीत, काहीतरी एक पुढच्या राउंडवर ढकलावं लागतं. या नियमपुस्तकाचं म्हणणं सरळ आहे: माणसाचं लक्ष चुकवणं हे एक काम, त्याच्यापासून माहिती लपवणं हे दुसरं काम, आणि दोन्हीची किंमत वेगवेगळी भरावी लागते.

हे दोन प्रकारचं न कळणं एकमेकांपासून किती वेगळं आहे हे मला टेबलावर बसूनच समजलं. हूल खाल्लेल्या माणसाला सगळं दिसत असतं. तलवार दिसते, हात दिसतो, पाय दिसतो. त्याचा अंदाज तेवढा चुकतो. लपवलेल्या हत्यारासमोर उभ्या असलेल्या माणसाचा अंदाज अगदी बरोबर असू शकतो, फक्त त्या अंदाजात एक वस्तू धरलेली नसते. एकाचं गणित चुकतं, दुसऱ्याला गणितातली एक संख्याच दिलेली नसते. आणि यातून एक अडचण निघते. न दिसणाऱ्या हत्याराने हूल देता येत नाही. हूल म्हणजे खोटी धमकी, आणि जे हत्यार आहे हे माहीतच नाही त्याची धमकी कुणाला वाटणार? म्हणून हूल उघड्या हाताने द्यायची आणि वार लपलेल्या हाताने करायचा, एवढीच एक वाट उरते.

आम्ही हा खेळ महापे एमआयडीसीत खेळतो. शुक्रवारी संध्याकाळी मिलेनियम बिझनेस पार्कातली ऑफिसं सुटली की शीळफाट्याच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगा लागलेल्या असतात, घणसोली स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षा भरून वाहत असतात आणि घाईने निघण्यात काही अर्थ नसतो. ट्रॅफिक ओसरेपर्यंतचे दोन-तीन तास आमचे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात दिवसभर कोड लिहिणारी, तपासणारी, सर्व्हर सांभाळणारी ही मंडळी नियमांतली फट बरोबर हेरतात, म्हणून त्यांच्यासाठी गोष्ट चालवायला मला आवडतं. आमची गोष्ट घाटातली आहे: पावसाळी वाट, जकातीचा नाका, नाक्यावर पहारेकरी आणि त्याच्या पायाशी एक कुत्रा.

आम्ही खेळतो ती पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती, २०१९ सालची. तिने हा सगळा हिशेब मोडून नव्याने मांडला. स्टँडर्ड आणि मूव्ह असा भेद गेला. प्रत्येक पाळीला सारख्या तीन ॲक्शन मिळतात. हूल एक, हत्यार हातात घेणं एक, वार एक. तीन गोष्टी, तीन ॲक्शन. पहिल्या आवृत्तीत जे एका राउंडमध्ये कधीच बसत नव्हतं ते इथे काठोकाठ बसतं. श्वास घ्यायलासुद्धा जागा नाही: एक पाऊल जरी पुढे सरकायचं असेल तरी एक ॲक्शन जाते आणि डाव विस्कटतो. म्हणून हा डाव खेळणाऱ्याला आधी गोड बोलून समोरच्याच्या अगदी जवळ जावं लागतं. नियमाने ते कुठेही सांगितलेलं नाही, पण नियमांतून ते आपोआप निघतं.

आमच्या टेबलावरच्या चोराचं पात्र टेस्टिंग टीममधली एक मुलगी खेळते. नाक्यावर ती पहारेकऱ्याशी बोलत अगदी हाताच्या अंतरावर आली होती आणि खंजीर डाव्या बाहीत होता.

“दादा, आधी काय करू? खंजीर काढू की हूल देऊ?”

“तू सांग.”

तिने थोडा विचार केला. “हूल. उजवा हात त्याच्या तोंडाकडे नेते, रिकामाच. तो हात वर करेल.”

फासा पडला चारवर. तिचं फसवणुकीचं कौशल्य अधिक सहा, बेरीज दहा. पहारेकऱ्याची सावधगिरी सतरा. हूल फसली. टेबलावर सगळे हळहळले, पण ती शांत होती. तिने खंजीर काढलाच नाही. उरलेल्या दोन ॲक्शनपैकी एकीत ती हसून म्हणाली, “तुमच्या पागोट्यावर गांधीलमाशी होती हो,” आणि दुसरी तशीच सोडून दिली. पहारेकरी वैतागला, पण त्याला अजून खंजिराचा पत्ता नव्हता.

तिचा क्रम मला त्या दिवसापासून पाठ झाला आहे. खंजीर आधी काढून मग हूल दिली असती आणि ती फसली असती, तर हातात उघडा खंजीर आणि समोर सावध माणूस अशी अवस्था झाली असती. हूल आधी दिली की ती फसली तरी गुपित शाबूत राहतं. फसलेली हूल पुन्हा देता येते. उघडं पडलेलं हत्यार त्याच माणसापासून पुन्हा लपवता येत नाही. अर्थात हूल फारच वाईट फसली, म्हणजे दहा किंवा त्याहून जास्त आकड्यांनी चुकली, तर नियमाप्रमाणे आपणच गाफील ठरतो. सातने चुकली होती म्हणून ती वाचली.

पुढच्या पाळीला तिने पुन्हा रिकामा हात उचलला. चौदा पडले, सहा धरून वीस. या वेळी पहारेकरी फसला. दुसऱ्या ॲक्शनला खंजीर बाहेर आला, तिसऱ्याला वार. पहारेकऱ्याचा बचाव, ज्याला खेळाडू एसी म्हणतात, तो अठरा. गाफील माणसाचा एसी दोनने कमी होतो, म्हणून सोळा. वाराचं कौशल्य अधिक सात. फाशावर नऊ आले.

नऊ अधिक सात, सोळा. लागला. बरोबर त्या दोन आकड्यांमुळे लागला. समोरच्या खुर्चीवरचा सर्व्हर टीमचा माणूस उभाच राहिला.

दोन आकडे म्हणजे किती? वीस बाजूंच्या फाशावर अधिक सातने अठराचा एसी गाठायला अकरा किंवा जास्त लागतात, शक्यता पन्नास टक्के. सोळा गाठायला नऊ पुरतात, शक्यता साठ टक्के. दहा टक्क्यांचा फरक तसा बेताचा वाटतो. पण या आवृत्तीत एसीपेक्षा दहाने जास्त बेरीज आली, किंवा लागलेल्या वारात फाशावर थेट वीस पडले, तर वार जिव्हारी लागतो आणि इजा दुप्पट होते. गाफील नसताना ते फक्त वीस पडल्यावर होतं, पाच टक्के. गाफील असताना एकोणीसलाही होतं, दहा टक्के. जिव्हारी वाराची शक्यता दुप्पट झाली. शिवाय चोराला गाफील माणसावर वार करताना इजेचा एक जादा फासा मिळतो. हुलीसाठी खर्च केलेली एक ॲक्शन अशी वसूल होते. तीच ॲक्शन जादा वारासाठी वापरली असती तर खंजिरासारख्या हलक्या हत्याराच्या दुसऱ्या वारालाही कौशल्यातून चार वजा झाले असते, जड हत्याराला पाच. हूल हा वार धरला जात नाही, त्यामुळे तिला ही वजावट लागत नाही.

आणि आता ज्या गोष्टीने मी सगळ्यात जास्त चकित झालो ती. हूल आणि लपवलेलं हत्यार यांची बेरीज होत नाही.

नव्या खेळाडूला वाटतं, लपवलेला खंजीर आणि वर हूल, म्हणजे डबल फायदा. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत गाफील म्हणजे गाफील, वजा दोन. दोन कारणांनी गाफील झाला म्हणून वजा चार होत नाही. पहिल्या आवृत्तीत चपळाईचा फायदा एकदा काढून घेतला की आणखी काढून घ्यायला काही उरत नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या आवृत्तीत तर यंत्रणाच निराळी आहे. तिथे ‘ॲडव्हांटेज’ मिळतो, म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा घ्यायचा. अकरा हवे असतील तर पन्नास टक्क्यांची शक्यता पंचाहत्तरवर जाते. पण ॲडव्हांटेजची कारणं दोन असोत की पाच, फासे दोनच. त्या खेळात हूल सगळ्यांना मिळत नाही, बॅटल मास्टर या लढवय्याला खास डाव म्हणून मिळते, तरीही निष्कर्ष तोच. वेगवेगळ्या वेळी बांधलेल्या तीन यंत्रणा एकाच ठिकाणी येऊन थांबल्या आहेत.

मला हे खरं वाटतं, खेळापुरतं नाही, एरवीसुद्धा. माणूस एका क्षणी एकदाच चकतो. त्याची नजर आधीच दुसरीकडे असेल तर तिला आणखी दुसरीकडे नेऊन काय मिळवणार?

म्हणून जाणता खेळाडू या दोन फसवणुकी एकत्र खर्च करत नाही, वेगवेगळ्या वेळी करतो. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या चोराला एक क्षमता मिळते. लढाई सुरू होताना कोण आधी हलतो हे ठरवण्यासाठी त्याने दबकण्याचं किंवा फसवण्याचं कौशल्य वापरलं असेल, तर पहिल्या राउंडमध्ये ज्यांची पाळी अजून आलेली नाही ते सगळे त्याच्यापुरते गाफील. इथे हूल द्यायची गरजच नाही. गोड बोलणं हीच हूल होती आणि ती लढाई सुरू होण्याआधीच देऊन झाली. खंजीर काढा, वार करा, तिसरी ॲक्शन हातात शिल्लक. लपवलेलं हत्यार पहिल्या वारासाठी, हूल दुसऱ्यापासून पुढे. पहिल्या आवृत्तीतल्या चोराचा एक खास गुण याच दिशेने जातो: ज्या हत्याराची समोरच्याला कल्पनाच नव्हती त्याने अचानक हल्ल्याच्या राउंडमध्ये वार केला तर जादा इजेचे फासे टाकावेच लागत नाहीत, कमाल आकडा धरायचा.

दुसऱ्या वारापासून मात्र चित्र पालटतं. एका बाहीतून खंजीर निघाला हे पाहिल्यावर पहारेकऱ्याला दुसरी बाहीही धोक्याची वाटू लागते. ती रिकामी असली तरी. आमच्या टेबलावर अशा रिकाम्या बाहीच्या हुलीला मी गेम मास्टर म्हणून एक आकडा वाढवून देतो. लपवलेलं हत्यार संपलं की त्याची भीती हुलीच्या उपयोगी पडते.

हे सगळं टेबलावरचं. आपल्याकडे या दोन गोष्टींची प्रत्यक्ष गाठ कुठे पडली हे मराठी वाचकाला सांगायला नको. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. शिवाजी महाराज आणि अफझलखान यांच्या भेटीचे तपशील वेगवेगळ्या साधनांत वेगवेगळे आहेत. मी इथे कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीचा धागा धरतो, जी १६९४ च्या सुमारास जिंजीला लिहिली गेली. हा प्रसंग लहानपणापासून ऐकलेला. पण खेळाचे नियम डोक्यात असताना तो पुन्हा वाचला तेव्हा त्यातलं एकेक पाऊल वेगळं दिसू लागलं.

पहिलं, सय्यद बंडा. सभासद सांगतो की खानाजवळ हा नावाजलेला पट्टेकरी उभा होता आणि महाराजांनी निरोप पाठवून त्याला भेटीच्या जागेपासून दूर करवलं. आपण हे तलवारीच्या भीतीने केलं असं समजतो, आणि ते आहेच. पण नियमपुस्तकात हत्यार लपवण्याच्या कौशल्याला पाहणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेशी झुंजावं लागतं. समजा प्रत्येक पाहणाऱ्याला लपवलेली वस्तू दिसण्याची शक्यता तीस टक्के आहे. एकच पाहणारा असेल तर गुपित टिकण्याची शक्यता सत्तर टक्के. दोन असतील तर एकोणपन्नास. तीन असतील तर चौतीस. एक सराईत डोळा कमी होणं म्हणजे गुपिताचं आयुष्य किती वाढतं ते पाहा.

दुसरं, अंगरख्याखालचं चिलखत. सभासदाच्या कथनाप्रमाणे खानाने मिठीत मान दाबून जमदाडीचा वार केला आणि तो चिलखतावर खरखरला. लपवलेलं हत्यार आपण मोजतो, पण हा लपवलेला बचाव होता. खानाचा अंदाज एका अशा एसीवर बेतलेला होता जो खरा नव्हता. पाथफाइंडरच्या पहिल्या आवृत्तीत सैल, जाड कपड्यांखाली वस्तू लपवली तर कौशल्याला दोन आकडे जास्त मिळतात, आणि अंग चाचपून पाहणाऱ्याला चार आकडे जास्त मिळतात. मिठी म्हणजे एका अर्थी चाचपणीच. सभासदाचं कथन धरलं तर ती मिठी खानाची हूलही होती. म्हणजे त्या शामियान्यात हूल खानाची होती आणि लपवलेली साधनं महाराजांची.

तिसरं, आणि माझ्या मते या सगळ्याचा गाभा, वाघनख. या लेखाच्या सुरुवातीची तरतूद आठवा: लपवलेलं हत्यार काढायला एका वाराइतका वेळ लागतो. बाही, कमर, जोडा, कुठेही लपवलं तरी हात आधी तिथे जायला हवा, पकड यायला हवी, मग हात परत यायला हवा. लपवलेल्या हत्याराचा खरा शत्रू हा मधला वेळ. वाघनख या अडचणीवर जे उत्तर देतं ते पाहून मी अक्षरशः थक्क होतो. पोलादाची एक आडवी पट्टी, तिच्या टोकांना बोटांत घालायच्या दोन अंगठ्या, आणि तळहाताच्या बाजूला वळलेल्या नख्या. हात मिटला की नख्या आत. बाहेरून दिसल्याच तर अंगठ्या, आणि सरदाराच्या बोटांत अंगठ्या असणारच. ते हत्यार म्यानात नाही, बाहीत नाही, ते आधीच हातात आहे. काढायला लागणारा वेळ शून्य. त्यात मिठीत तळहात आपसूकच समोरच्याच्या कुशीवर येतो, म्हणजे हात कुठे न्यायचीही गरज नाही. लपवणं, काढणं आणि रोखणं या तीन ॲक्शन एका वस्तूच्या घडणीत आधीच करून ठेवल्या आहेत. उरतो फक्त वार. सभासद सांगतो की डाव्या हातात वाघनख होतं आणि उजव्या हातात बिचवा. एक हत्यार कळलं तरी दुसरं शिल्लक होतं.

आणि त्याही आधी एक हूल होऊन गेलेली होती, काही आठवडे चाललेली. महाराज घाबरले आहेत, भेटायला राजी आहेत, पण वाईपर्यंत यायची हिंमत नाही, हे पंताजी गोपीनाथांच्या वकिलीतून खानापर्यंत पोचत राहिलं. त्यामुळे मोठं सैन्य, तोफा, हत्ती घेऊन आलेला अनुभवी सरदार वाईचा मोकळा मुलूख सोडून जावळीच्या रानात उतरला. सहा सेकंदांच्या राउंडमध्ये हूल बसत नसेल तर ती लढाईच्या आधी देऊन ठेवायची. आमच्या चोराने नाक्यावर गोड बोलत जवळ जाणं, याचंच चिमुकलं रूप आहे.

उरतो तो नाक्यावरचा कुत्रा. पाथफाइंडरच्या पहिल्या आवृत्तीत जनावराला हूल द्यायला गेलं तर आठ आकडे वजा होतात. ज्याला बुद्धीच नाही, उदाहरणार्थ मंत्राने चालणारा सांगाडा किंवा दगडी पुतळा, त्याला हूल देताच येत नाही. दुसऱ्या आवृत्तीतही मन नसलेल्यावर हूल चालत नाही. आमच्यातला एक जण म्हणाला, “हे उलट नाही का? कुत्र्याला फसवणं सोपं असायला हवं.” बॉल फेकायचा आव आणून कुत्र्याला फसवता येतं हे त्याचं म्हणणं खरं आहे. पण लढाईतली हूल म्हणजे समोरच्याने आपल्या पुढच्या हालचालीबद्दल बांधलेल्या अंदाजावर उभी असलेली गोष्ट. जो अंदाजच बांधत नाही, जे दिसेल त्यावर झडप घालतो, त्याच्यासमोर ती उभी राहायला जमीन नाही. कबड्डीत चढाईला तीस सेकंद असतात आणि त्यातली कितीतरी नुसत्या हुलींत जातात, कारण समोर अंदाज बांधणारी सात डोकी आहेत. डोळ्याने पाहून साधी हालचाल सुरू करायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणून बचाव करणारा खेळाडू हालचाल पूर्ण होण्याची वाट पाहतच नाही, खांदा आणि कंबर पाहून आधीच निघतो. हूल त्याच्या या आधी निघण्यावर घाला घालते. रग्बीपटूंवर झालेल्या प्रयोगांत दिसलं आहे की सराईत खेळाडू अशा खोट्या वळणांना नवशिक्यांपेक्षा कमी फसतात. पाथफाइंडरच्या पहिल्या आवृत्तीत हुलीचं लक्ष्य दहा अधिक समोरच्याचा लढाईचा अनुभव अधिक त्याचं शहाणपण असं काढतात. मुरलेला लढवय्या आपोआप फसवायला अवघड. नियम लिहिणाऱ्यांनी प्रयोग वाचले होते की नाही कोण जाणे, पण आकडा योग्य जागी बसला आहे.

आमच्या नाक्यावर शेवटी कुत्र्यानेच भुंकून घोळ केला. त्याच्यासाठी बाहीत काहीच नव्हतं. पुढच्या शुक्रवारी आमच्या चोराने पोशाखाच्या यादीत सुक्या मासळीचा एक तुकडा लिहून ठेवला.

जेम्स ग्रँट डफच्या घराण्याकडून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गेलेलं वाघनख जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या मुदतीवर महाराष्ट्रात आलं आणि आधी साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवलं गेलं. तेच ते प्रतापगडचं वाघनख, याची खात्री देता येत नाही असं लंडनचं संग्रहालय स्वतःच सांगतं. मला त्याने फरक पडत नाही. कुठलंही वाघनख पाहायला मिळालं तर नख्यांआधी त्याच्या अंगठ्या बघा, सगळी अक्कल तिथे आहे.

आणि हा खेळ खेळून पाहा. पाथफाइंडरचे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या अधिकृत संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पहिल्या बैठकीला चार माणसं, सात फाशांचा एक संच आणि एक मोकळी संध्याकाळ पुरते. पात्र तयार करताना बाहीत काय आहे ते सगळ्यांसमोर सांगू नका. चिठ्ठीवर लिहून गेम मास्टरच्या हातात द्या.